पन्नास मीटरचा तलाव नसलेल्या शहरातला डेव्हिड डेव्हिस, आणि माझ्या भाच्याचा प्रश्न

टॅफकाठी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण त्याआधी इथली एक गोष्ट सांगते. तिच्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

भाचा चौदा वर्षांचा, नववीत. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. ८०० आणि १५०० मीटर फ्रीस्टाइल पोहतो. गावचा तलाव २५ मीटरचा. गेल्या महिन्यात बालेवाडीला पहिल्यांदाच ५० मीटरच्या तलावात १५०० पोहला, आणि नेहमीपेक्षा ३५ सेकंद जास्त लागले. बाहेर आल्यावर कोणाशी बोलला नाही, परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसला. तेव्हापासून ताईकडे एकच विषय. दाजी म्हणतात, त्याला पुण्यात चुलत्यांकडे ठेवू, मोठा तलाव मिळेल. ताई म्हणते, एवढ्याशा पोराला घराबाहेर काढायचं नाही. दोघांचे फोन मला.

मी कार्डिफला राहते, नऊ वर्षं झाली. रोज सेंट्रल स्टेशनला उतरते तेव्हा समोर टॅफ नदीकाठी रग्बीचं प्रचंड स्टेडियम दिसतं. त्याच जागी पूर्वी एम्पायर पूल होता, १९५८ च्या राष्ट्रकुल खेळांसाठी बांधलेला. १९९८ मध्ये स्टेडियमसाठी तो पाडला. कार्डिफमध्ये पुढचा मोठा तलाव उघडला तो थेट २००८ मध्ये. मधली दहा वर्षं वेल्सच्या राजधानीत ५० मीटरचा तलावच नव्हता.

नेमक्या त्याच दहा वर्षांत डेव्हिड डेव्हिस घडला. जन्म ३ मार्च १९८५, वाढला शेजारच्या बॅरी या समुद्रकाठच्या गावात. सिटी ऑफ कार्डिफ क्लब, कोच डेव्ह हॅलर. एम्पायर पूल पाडला तेव्हा तो १३ वर्षांचा, म्हणजे भाच्याहूनही लहान. आणि २१ ऑगस्ट २००४ ला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, अथेन्स ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरचं ब्रॉन्झ. वेळ १४:४५.९५, युरोपचा नवा विक्रम.

तर सांगा, चौदाव्या वर्षी तलावासाठी मुलाला घराबाहेर ठेवावं का? तुम्ही स्वतः पोहत असाल, मुलं पोहत असतील, तर अनुभव लिहा.

---

विहीरवाले आप्पा

पहिला नंबर माझा! आम्ही विहिरीत शिकलो बाई. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि थोरल्या भावाने मागून ढकलायचं. विहिरीला मीटर नसतात, फक्त खोली असते. पोराला सांगा, मामाच्या वयाच्या माणसाला ३५ सेकंद नुसते पाण्यात पाय बुडवायला लागतात.

---

अंकमोड

आकडे दिलेत त्यामुळे राहवलं नाही. १४:४५.९५ म्हणजे ८८५.९५ सेकंद. १५ ने भागलं तर दर १०० मीटरला ५९.०६. म्हणजे या मुलाने शंभर मीटर मिनिटाच्या आत काढले आणि न थांबता ते पंधरा वेळा केलं. दर पन्नासला २९.५३.

मी आज सकाळी मुद्दाम आमच्या तलावात एकच पन्नास जीव खाऊन मारले. ४७ सेकंद. त्यानंतर कठड्याला धरून पाच मिनिटं उभा होतो.

---

निळी टोपी

मी १२ वर्षं स्पर्धेत पोहले, ४०० आणि ८००. भाच्याच्या ३५ सेकंदांबद्दल आधी लिहिते, कारण त्या पोराला कोणीतरी हे लगेच सांगायला हवं.

२५ च्या तलावात १५०० म्हणजे ६० लेंथ आणि ५९ टर्न. ५० च्या तलावात ३० लेंथ आणि २९ टर्न. तीस टर्न कमी झाले. आता टर्नला काय होतं पाहा. तळाची काळी रेघ भिंतीआधी संपते आणि तिच्या टोकाला आडवी रेघ येते. ती दिसली की शेवटचा हात, हनुवटी छातीला, कोलांटी. पायाचे तळवे भिंतीला लागतात, गुडघे वाकलेले असतात, आणि मग ढकलायचं. त्या ढकलण्यात मिळणारा वेग हाताने पोहून कधीच मिळत नाही. शिवाय तेवढा वेळ खांद्यांना सुट्टी. चांगल्या पोहणाऱ्याला टर्नमागे साधारण सेकंदभर फायदा होतो. तीस टर्न गेले, तीसेक सेकंद गेले. तुमचा भाचा त्या दिवशी वाईट पोहलाच नाही! फार तर पाच सेकंद इकडेतिकडे, आणि ते अनोळखी तलावाचे.

पण मोठ्या तलावात मधले वीस मीटर फार लांब वाटतात हेही खरं. भिंत येईल येईल म्हणून डोकं वर होतं. डोकं वर झालं की कंबर खाली बसते. माझं पहिल्यांदा तेच झालं होतं.

---

टॅफकाठी

निळी टोपी, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा ताईला पाठवला. तिने त्याला जेवताना वाचून दाखवला. म्हणाली, ताटावरून मान वर करून विचारलं, "खरंच तीस टर्न कमी असतात?" मोजले नव्हते त्याने.

---

रंकाळ्याकाठचा

आता मी जरा विरुद्ध बाजू मांडतो. आमच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे. रंकाळ्याच्या गावचं पोरगं. तो मोठा झाला तो कोल्हापूर सोडून बंगळूरला निहार अमीन सरांकडे गेल्यावर. २००८ ला बीजिंगला ५०, १०० आणि २०० फ्रीस्टाइल पोहला तेव्हा वय १६. दोन वर्षांनी ग्वांगझूच्या आशियाई खेळांत ५० मीटर बटरफ्लायचं ब्रॉन्झ. १९८६ च्या सोलमधल्या खझान सिंगच्या रौप्यानंतर जलतरणात भारताला मिळालेलं ते पहिलं आशियाई पदक. चोवीस वर्षं!

तेव्हा घर सोडायला लागतं. आई-वडिलांनी मन घट्ट केलं म्हणून झालं.

---

सई देवगड

@रंकाळ्याकाठचा, तो बंगळूरला तलावासाठी गेला की सरांसाठी?

---

रंकाळ्याकाठचा

सरांसाठी. बरोबर पकडलंत.

---

मंदार ना.

धागा छान, पण मला या गोष्टीतल्या सुराची काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो.

"तलाव नव्हता तरी पोरगं ऑलिम्पिकला गेलं" असं म्हटलं की तलाव न बांधणाऱ्यांना आयतं निमित्त मिळतं. आमच्या शहरातला तलाव दुरुस्तीसाठी म्हणून दोन उन्हाळे बंद होता. विचारायला गेलो की उत्तर ठरलेलं, जिद्द असली की कुठेही पोहता येतं. माझी मुलगी तेव्हा अकराची होती. दोन वर्षांत तिची पूर्ण बॅच पांगली. दोघी बॅडमिंटनला गेल्या, बाकीच्यांनी सोडूनच दिलं. जिद्द होती त्यांच्यात. पाणी नव्हतं.

आणि डेव्हिसच्या बाबतीतही सगळं सांगा. स्वान्झीला वेल्सचा राष्ट्रीय तलाव २००३ मध्ये सुरू झाला, ५० मीटरचा. कार्डिफपासून ६०-६५ किलोमीटर. अथेन्स त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा त्याच्या वाट्याला मोठा तलाव कधी आलाच नाही असं कोणी समजू नये.

---

टॅफकाठी

मंदार, मान्य. मी "त्याच्या शहरात नव्हता" एवढंच लिहिलंय, पण शीर्षकाने गैरसमज होऊ शकतो. एम्पायर पूल पाडल्याचं दुःख इथल्या माणसांना अजून आहे. माझ्यासोबत काम करणाऱ्या एक सत्तरीतल्या बाई आहेत, त्या शाळेतून तिथे पोहायला जायच्या. स्टेडियमजवळून जाताना एकदा त्यांनी हाताने हवेत दाखवलं, "इथे उड्या मारायचे फळे होते, आणि वरती गॅलरीत माझी आई बसायची." त्या जागी आता तिकिटांच्या खिडक्या आहेत. तलाव पाडणं ही चांगली गोष्ट होती असं मला कुठेही म्हणायचं नाही.

मुलीचं वाचून वाईट वाटलं. पुन्हा पोहायला लागली का ती?

---

मंदार ना.

हो, आता पुन्हा जाते. स्पर्धेत नाही, पण लहान मुलांना शिकवते.

---

शाळामास्तर

१९५८ आणि कार्डिफ म्हटल्यावर आमच्या पिढीला तलाव नाही आठवत, मिल्खा सिंग आठवतो! ४४० यार्डांचं सुवर्ण त्याच खेळांत, कार्डिफ आर्म्स पार्कवर. म्हणजे टॅफकाठीताई ज्या स्टेडियमसमोर बसमधून उतरतात, त्याच आवारात.

---

टॅफकाठी

ट्रेनमधून उतरते मास्तर, पण बाकी सगळं बरोबर. आजचं स्टेडियम आर्म्स पार्कच्याच जुन्या मैदानावर आणि तलावाच्या जागेवर उभं आहे. उद्यापासून तिथून जाताना मिल्खा सिंगही आठवणार.

---

पाणकोंबडी

मला एक कळत नाही. डेव्हिस वेल्सचा म्हणता आणि पदक ब्रिटनचं. नक्की कोणाचा?

---

हेमंत स्वान्झी

दोघांचा. ऑलिम्पिकला सगळे मिळून ब्रिटन. राष्ट्रकुल खेळांना मात्र वेल्स वेगळा उतरतो, लाल ड्रॅगनच्या झेंड्याखाली, आणि जिंकलं की वेल्श भाषेतलं त्यांचं गीत वाजतं. म्हणून इथल्या माणसाला राष्ट्रकुलचं महत्त्व फार. डेव्हिसने २००६ ला मेलबर्नमध्ये १५०० चं सुवर्ण घेतलं. त्याआधी जलतरणात वेल्सचं सुवर्ण १९७४ चं, क्राइस्टचर्चला पॅट बीव्हनचं २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये. बत्तीस वर्षं त्या तलावाकाठी ते गीत वाजलं नव्हतं.

आणखी एक गंमत. डेव्हिस हे आडनाव इथे आपल्याकडच्या पाटलांसारखं. एका गल्लीत दहा. त्यात डेव्हिडला लाडाने डाय म्हणतात, म्हणजे डाय डेव्हिस शेकड्याने. मग गावात ओळख पटवायला नावाला धंदा चिकटवतात. दूधवाल्या डायला डाय मिल्क. याला वर्तमानपत्रांनी नाव दिलं डाय स्प्लॅश.

---

विहीरवाले आप्पा

डाय स्प्लॅश! आमच्या गावात चार बाळू होते. पिठाच्या गिरणीचा बाळू गिरणी, पोस्टातला बाळू टपाल, आणि मी विहिरीत सगळ्यांत मोठा आवाज करून पडायचो म्हणून आप्पा धबाक. वेल्स आपलंच दिसतंय.

---

निळी टोपी

आप्पा :) आयडी बदला आता.

अथेन्सची ती फायनल मी टीव्हीवर पाहिली होती. त्यावर थोडं लिहू द्या, कारण शिकण्यासारखं तिथे खूप आहे. तो तलाव उघड्यावर होता, छत नव्हतं. १५०० मध्ये प्रेक्षक बहुतेक वेळा मधेच गप्पा मारायला लागतात, कारण एकजण पुढे निघून गेलेला असतो. त्या दिवशी तसं झालं नाही. ऑस्ट्रेलियाचा ग्रँट हॅकेट, सिडनीचा विजेता आणि विश्वविक्रमवीर. अमेरिकेचा लार्सन जेन्सन. आणि हा एकोणीस वर्षांचा. हॅकेट १४:४३.४०, जेन्सन १४:४५.२९, डेव्हिस १४:४५.९५. हॅकेटच्या फुफ्फुसाला त्रास होता हे नंतर बाहेर आलं.

डेव्हिसने मोडलेला युरोपचा विक्रम जर्मनीच्या यॉर्ग हॉफमनचा होता. १४:५०.३६, पर्थ, १९९१. हॉफमन तो पोहला तेव्हा डेव्हिस पाच वर्षांचा होता!

लांब पल्ल्यात पोहणारा मोजणी विसरू नये म्हणून भिंतीशी पाण्यात आकड्यांची पाटी धरतात, आणि पहिल्याच्या शेवटच्या दोन लेंथ उरल्या की घंटा वाजवतात. ती घंटा कानात पाणी असतानाही ऐकू येते. माझ्यासाठी ती घंटा म्हणजे पोटात गोळा. त्या पोराने ती ऐकली तेव्हा समोर विश्वविक्रमवीर होता आणि तो हाताच्या अंतरावर होता.

---

अंकमोड

हाताच्या अंतरावर नाही, पण फार लांबही नाही :) २.५५ सेकंदांचा फरक. त्याच्या सरासरी वेगाने त्याचे सव्वाचार मीटर होतात, थोडे जास्त. दीड किलोमीटर पोहून सुवर्ण आणि ब्रॉन्झमध्ये दीड रिक्षाच्या लांबीहून जरा जास्त अंतर.

---

हेमंत स्वान्झी

त्या ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनला जलतरणात दोनच पदकं मिळाली, दोन्ही ब्रॉन्झ. एक याचं, एक २०० बटरफ्लायमध्ये स्टीव्हन पॅरीचं. चार वर्षांपूर्वी सिडनीत तर एकही नव्हतं. त्यामुळे त्या ब्रॉन्झचं वजन केवढं होतं ते ओळखा.

---

कुसुमताई

मी पोहत नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतेय. माझी नात ८०० पोहते. मुलींना १५०० असतं का? आणि वेल्सच्या मुलींचं कोणी सांगेल का?

---

हेमंत स्वान्झी

ताई, ऑलिम्पिकला मुलींना १५०० मिळालं ते टोकियोपासून, म्हणजे २०२१ मध्ये झालेल्या त्या स्पर्धेत. तोवर तलावात मुलींचा सर्वांत लांब पल्ला ८०० होता. त्यात वेल्सची जॅझ कार्लिन, आमच्या स्वान्झीच्या तलावात सराव करायची. २०१४ ला ग्लासगोच्या राष्ट्रकुल खेळांत ८०० चं सुवर्ण आणि २०१६ ला रिओत ४०० आणि ८०० दोन्हींत रौप्य.

---

टॅफकाठी

कुसुमताई, माझी आवडती मात्र फार जुनी आहे. आयरीन स्टीअर, जन्म १८८९, कार्डिफची. माझ्या घराजवळ रोथ पार्क नावाची बाग आहे, तिच्यात मोठा तलाव, बदकं आणि हंस असलेला. त्या तलावात ती पोहायला शिकली. १९१२ ला स्टॉकहोममध्ये बायकांना पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये पोहू दिलं. तिथे ४×१०० रिलेमध्ये ब्रिटनला सुवर्ण मिळालं, चौघींत ती एक. ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी वेल्सची पहिली बाई. १०० मीटरच्या एकेरी शर्यतीत दुसरीला धडकली म्हणून तिला बाद केलं होतं, तरी रिलेला पुन्हा उतरली.

तो तलाव कित्येक मीटर लांब आहे पण त्याला भिंतच नाही. टर्न मारायला काही नाही. रविवारी मी तिथे फेऱ्या मारते तेव्हा पाण्याचा हिरवट रंग बघून वाटतं, ती यात थंडीत उतरत असेल का?

---

विहीरवाले आप्पा

बघा. शेवटी विहिरीवालेच जिंकले.

---

सई देवगड

आप्पा, उघड्या पाण्याचं तुम्ही काढलंत म्हणून. मी मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या समुद्र स्पर्धेत तीनदा उतरले आहे. डेव्हिसचं पुढचं ऑलिम्पिक पदक समुद्र-नदीवाल्यांच्याच बाजूचं! बीजिंगला २००८ मध्ये १० किलोमीटर खुल्या पाण्याची शर्यत पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली. हा तलावातला माणूस. १५०० च्या फायनलमध्ये सहावा आला आणि चार दिवसांनी शुनयीच्या नौकानयनाच्या पाण्यात दहा किलोमीटरला उतरला. तारीख २१ ऑगस्ट. अथेन्सला ब्रॉन्झ मिळालं त्याला बरोबर चार वर्षं!

जवळजवळ सगळी शर्यत हाच पुढे. खुल्या पाण्यात पुढे राहणं म्हणजे सायकलवर वाऱ्याच्या तोंडाशी राहणं. मागच्यांना तुमच्या पायांमागचं ओढतं पाणी मिळतं, तुम्हाला कोणाचंच नाही. तळाला काळी रेघ नसते, म्हणून मधूनमधून डोकं वर काढून बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, शोधायचा. शेवटच्या टप्प्यात थकून त्याची दिशा वाकडी व्हायला लागली आणि नेदरलँड्सचा मार्टेन फान डर वेयडेन पुढे गेला. १:५१:५१.६ आणि १:५१:५३.१. दीड सेकंद. तिसरा थॉमस लुर्झ आणखी अर्ध्या सेकंदाने. डेव्हिसला स्ट्रेचरवरून नेलं.

आणि ज्याने त्याला हरवलं तो डच माणूस काही वर्षांपूर्वी रक्ताच्या कर्करोगातून उठला होता. त्या शर्यतीत मला कोणा एकाची बाजू घेताच येत नाही.

---

पाणकोंबडी

सई, अंगावर काटा आला. समुद्रात भीती नाही वाटत?

---

सई देवगड

पहिली दोनशे मीटर वाटते. मग श्वासाची लय बसली की नाही वाटत. जेलीफिश लागला की पुन्हा वाटते.

---

शिट्टी आणि स्टॉपवॉच

उशिरा आलो. वीस वर्षं मुलांना पोहायला शिकवतोय, त्यातली बरीचशी २५ च्या तलावात. गप्पा छान रंगल्यात, पण धागाकर्तीचा प्रश्न मधेच राहिला, म्हणून मुद्द्यावर येतो.

ताई, तुमच्या दाजींना हे विचारा. भाच्याचे सध्याचे सर सकाळी साडेपाचला तलावावर असतात का? वहीत त्याच्या वेळा लिहितात का? तो दमला की त्यांना कळतं का? या तिन्हींचं उत्तर हो असेल तर मुलाला हलवू नका. चौदाव्या वर्षी अंग वाढत असतं, खांदे नवीन असतात, झोप लागते, आईच्या हातचं पोटभर जेवण लागतं. चुलत्यांकडून पहाटे उठून बालेवाडीला जायचं, तिथून शाळा, पुन्हा संध्याकाळी तलाव. दोन-तीन वर्षांत कंटाळून सोडून दिलेली कितीतरी मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

पण मंदार यांचं म्हणणंही मी खाली पडू देणार नाही. मोठा तलाव लागतोच. माझा उपाय असा, वर्षातून चार-पाच वेळा, सुट्टीत आणि स्पर्धेआधी, आठ-दहा दिवस पुण्यात राहून मोठ्या तलावात सराव. उरलेले दिवस गावी. आणि गावच्या तलावात काही दिवस टर्नचा फायदाच घ्यायचा नाही. भिंतीला हात लावायचा, न ढकलता वळायचं, आणि शून्यातून हात मारायला लागायचं. मुलं वैतागतात. पण मोठ्या तलावातले मधले वीस मीटर त्यातूनच अंगवळणी पडतात. सोळाव्या-सतराव्या वर्षी वेळा खरंच राष्ट्रीय पातळीच्या झाल्या तर तेव्हा घर सोडण्याचा विचार करा, आणि तेव्हाही तलाव बघून नव्हे, सर बघून. वीरधवलचं उदाहरण वर आलंच आहे.

---

मंदार ना.

स्टॉपवॉच सर, पटलं. न ढकलता वळायचा सराव मुलीला सांगतो, ती तिच्या छोट्यांना देईल.

---

निळी टोपी

सरांना पूर्ण अनुमोदन. एकच भर घालते. मोठ्या तलावातल्या वेळा वेगळ्या पानावर लिहा. दोन तलावांच्या वेळा एका रांगेत लिहिल्या की मुलाला आपण घसरतोय असं वाटतं. माझ्या वहीत तसं झालं होतं आणि मी वर्षभर स्वतःला मठ्ठ समजत होते.

---

रंकाळ्याकाठचा

मीही माझं मत बदलतो. आत्ता नको, सतराव्या वर्षी. आणि कोल्हापुरातून जात असाल तर पोराला घेऊन या, रंकाळा दाखवतो आणि तांबडा-पांढरा खाऊ घालतो.

---

टॅफकाठी (धागाकर्ती)

मंडळी, काल रविवार होता, दोन तास फोन चालला. दाजी, ताई, भाचा आणि त्याचे सर, चौघंही होते. स्टॉपवॉच सरांचे तिन्ही प्रश्न मी वाचून दाखवले. सर आधी गप्प बसले, मग म्हणाले, "वही आहे, दाखवतो." निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही कॅमेऱ्यासमोर धरली. चार वर्षांच्या वेळा, पेन्सिलने लिहिलेल्या, पाण्याने पानं फुगलेली. काही तारखांपुढे "ताप", "परीक्षा", एका ठिकाणी "आज भांडण झालं, तरी बरा पोहला". दाजी बराच वेळ ती वही बघत राहिले.

ठरलं असं. भाचा गावीच राहणार. दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस पुण्याला, उन्हाळ्यात पुन्हा. सरही येणार, त्यांच्या राहण्याचं दाजी बघणार. वहीत मागच्या बाजूने नवं पान सुरू केलं, वर लिहिलं "५० मी." आणि त्याखाली बालेवाडीची ती वेळ.

फोन ठेवताना भाच्याने मला विचारलं, मावशी, त्या डेव्हिडच्या तीस लेंथच्या वेगवेगळ्या वेळा कुठे मिळतील का. त्याला पाटीवर चिकटवायच्या आहेत. कोणाकडे असतील तर इथे टाका.

---

अंकमोड

शोधायला लागतो. तोवर त्याला सांगा, सरासरी २९.५३.